चादरींकडची खोली

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला पाठीमागे सगळे 'भट्टी' म्हणायचे आणि ते तिला पक्कं माहीत होतं. उभी नोकरी तिनं त्या धुलाईघरावर राज्य केलं. धुतलेल्या चादरीवर डाग दिसला की धुणाऱ्याचं काही खरं नसे. निवृत्त झाल्यावर चादरी सुटल्या, राग तेवढा ती घरी घेऊन आली. गेले काही दिवस तो सगळा हॉटेलवाल्यांवर निघत होता.

कारण होतं एक बेट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा बोलून गेला होता, "एकदा तुला बेटावर नेतो." ते शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे गावभर मास्तर. फळ्यावर खडूच्या एका फटकाऱ्यात बेट काढावं ते त्यांनीच. पण प्रत्यक्ष न्यायची वेळ आली की दर सुट्टीत काहीतरी निघायचंच. पेपर तपासायचेत, लेक लहान आहे, हवा बरी नाही, रिटायर झाल्यावर निवांत जाऊ. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत अर्धांगानं उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, बसणं चाकाच्या खुर्चीवर. वर तिचे स्वतःचे गुडघे. डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं की आणखी वर्षभरानं तुम्हालाही खुर्ची लागेल. म्हणजे आता नाही गेलो तर गेलोच नाही, हे तिला लख्ख कळलं होतं.

लेक मोबाइलवर हॉटेलं शोधायची आणि फोन लागला की तो आईच्या हातात द्यायची. भांडणं हे आईचं खातं होतं.

"व्हीलचेअर आत येते ना?"

"अगदी आरामात, मॅडम."

"पायऱ्या?"

"एकच आहे."

"एक काय नि दहा काय! चाकांना पाय फुटतात का हो?"

"आमची माणसं उचलून घेतील ना त्यांना."

"उचलून? माझा नवरा काय कपाट आहे?"

फोन बंद. पुढच्या हॉटेलात खोलीचं दार ऐसपैस होतं, पण बाथरूमचं दार एवढंसं. खुर्ची बाहेर ठेवून दोन पावलं चालायचं, इतकंच, असं तिथला माणूस म्हणाला. "दोन पावलं चालता येत असती तर तुमच्याशी कशाला डोकं फोडत बसले असते?" तिसऱ्यानं मोठ्या अभिमानानं उताराचा फोटो पाठवला. त्या उतारावर खुर्चीवरचा हात सुटला असता तर मास्तर थेट समुद्रातच जाऊन थांबले असते.

"आई, हळू बोल गं. ऐकू जातं त्यांना."

"जाऊ दे. ऐकू जावं म्हणूनच बोलतेय."

पोरगी कपाळाला हात लावायची आणि पुढचा नंबर फिरवायची. प्रत्येक फोननंतर ती मास्तरांना विचारायची, "अहो, जायचंय ना?" मास्तर म्हणायचे, "हो." एकदाही नाही म्हणाले नाहीत. तिचा जोर आणखी वाढायचा.

शेवटी एक हॉटेल तिच्या तावडीतून सहीसलामत सुटलं. तिनं त्यांना दारांना मापाची टेप लावून फोटो काढायला लावले, बाथरूममधला धरायचा दांडा एका माणसाला ओढून दाखवायला लावला. बोटीवर चढायची फळीसुद्धा खुर्ची मावेल अशी होती. सगळं खरं निघालं. बोट सुटताच मास्तरांनी डाव्या हातानं तिचं मनगट असं आवळलं की निळं पडलं. तोल जात असेल, असं समजून तिनं ते आवळू दिलं.

खोलीतही नाव ठेवायला जागा नव्हती. दार रुंद, जमीन सपाट, दांडा भक्कम. मग तिनं पडदा सरकवला.

खिडकीबाहेर हॉटेलचं धुलाईघर होतं. दोऱ्यांवर चादरीच चादरी, पार कुंपणापर्यंत. समुद्राचा पत्ता नाही.

"जन्मभर चादरी पाहिल्या," ती म्हणाली, "आणि इथं येऊन पुन्हा चादरीच बघू?"

मास्तर वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरी पाहत होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू चक्क हसत होती. आपली थट्टा चाललीय असं वाटून ती आणखी भडकली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनिशी मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली.

"समुद्राकडच्या खोल्यांना पायऱ्या आहेत, मॅडम," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. "आणि तसंही अशा पाहुण्यांना बाहेरचं काही बघायचं नसतं. ते बहुतेक पडूनच असतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडून? पाय गेलेत त्यांचे, डोळे नाही गेले! समुद्र काय फक्त धडधाकट लोकांनी बघायचा? आणि अशा पाहुण्यांना म्हणजे कशा हो?"

आजूबाजूच्यांच्या हातातले कप हातातच राहिले. मॅनेजरनं हात झटकले, आपल्या हातात काही नाही म्हणाला. मग तिनं मास्तरांना खुर्चीसकट जेवणाच्या दालनात आणलं, समुद्राकडच्या मोठ्या काचेशेजारी लावलं आणि स्वतः तिथं ठाण मांडलं. "आम्ही इथंच झोपणार." लेकीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं एक सुस्कारा सोडला, बॅग आणून आईच्या पायाशी ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. जेवायला येणारे वळसा घालून जाऊ लागले तेव्हा मॅनेजर विरघळला. दालनालगतच्या वाचनाच्या खोलीतली टेबलं हलली आणि तिथं पलंग आले. खोलीला समुद्राकडे उघडणारं काचेचं दार होतं. पायरी नव्हती.

लेक चहा सांगायला गेली. इकडे आईनं ते दार सताड उघडलं आणि मास्तरांची खुर्ची पार उंबऱ्याशी नेली. समोर पाणीच पाणी.

"घ्या. बघा आता पोटभर."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

इतक्या दिवसांचा उरलासुरला राग तिनं मग त्यांच्यावरच काढला. "मिटा, मिटा डोळे! पाय होते तेव्हा का नाही हो आणलंत? आज पेपर, उद्या हवा! तुमच्यापायी आयुष्यभर वाट बघितली मी. आणि आता आणलंय तर मान वर करून बघवत नाही?"

मास्तरांची जीभ बराच वेळ धडपडली.

"भीती," ते म्हणाले.

"कसली?"

"पाणी."

एकेक गोष्ट तिला आता जुळत गेली. पेपर. हवा. निळं पडलेलं मनगट. चादरी बघून आलेलं ते हसू. फळ्यावर बेटं काढणारा हा माणूस पाण्याला घाबरत होता आणि बायकोला ते सांगायची लाज वाटून जन्मभर सबबी सांगत होता.

"मग मी रोज विचारत होते तेव्हा हो का म्हणालात? एकदा नाही म्हणायला काय झालं होतं?"

मास्तरांनी डावा हात उचलला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "तू..." पुढचा शब्द काही त्यांना सापडला नाही.

तिनं तो हात तिथंच राहू दिला, आवाज मात्र चढवला.

"तोंड शिवलं होतं का इतकी वर्षं? मी त्या मॅनेजरला एवढं फाडून खाल्लं, आणि तुम्हाला हवी होती चादरींकडची खोली!"

तिनं खुर्ची गर्रकन वळवली, समुद्राकडे त्यांची पाठ केली आणि स्वतः त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. तिला आता मास्तरही दिसत होते आणि त्यांच्यामागचं पाणीही.

"असेच बसा. मला बघायचाय समुद्र, मी बघते. आणि परत जाताना बोटीत डोळे माझ्याकडे ठेवायचे. पाण्याकडे बघितलंत तर याद राखा."

मास्तरांनी मान हलवली आणि तिचं मनगट धरलं.

"दुसरं धरा," ती खेकसली. "हे दुखतंय."