निरोगी टाकीतले रोहू

"पीएचडी कुठवर आली?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलून लॅबमधला एखादा किस्सा सांगायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशिकच्या आमच्या कॉलेजात डेटा कमी आणि किस्सेच जास्त साठले होते.

विषय तसा साधा. माशाच्या अंगात जंतू शिरले की त्याचा एक जीन जागा होतो आणि रक्तातलं लोह दडवून ठेवतो. जंतूंना लोह लागतं, ते मिळालं नाही की त्यांची उपासमार होते. अंगात लोह जास्त झालं तरी हाच जीन जागा होतो. मला फक्त दोन टाक्या सांभाळायच्या होत्या. एकीत जंतू टोचलेले रोहू, दुसरीत निरोगी. फक्त म्हणे!

*

पहिली कटकट लोडशेडिंगची. लाईट गेली की हवेचा पंप बंद. मासे वर येऊन तोंडं वासायचे आणि मी मगाने उंचावरून पाणी ओतत बसायचे. लॅबचे शिपाई पवार मामा दारात उभे राहून बघायचे.

"मामा, जरा हात लावा ना."

"मॅडम, गोदावरीत कुठं लाईट असते?" म्हणायचे आणि चहाला निघून जायचे.

*

हेच मामा एकदा पिशवी घेऊन आले. घरी पाहुणे होते. "तुमचं झाल्यावर उरतील ते मासे द्या."

जंतू म्हणजे काय, ते किती वाईट, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग निरोगीतले द्या. आम्हाला चालतील."

*

पण खरं डोकं उठवलं ते रिपोर्टने. जीनची टेस्ट आमच्याकडे होत नव्हती. दर शनिवारी नमुने बर्फात घालून मी एसटीने पुण्याला जायचे. आणि रिपोर्ट काय, तर निरोगी माशांचाही जीन टक्क जागा! पाणी बदललं, खाद्य बदललं, पवार मामांवर संशय घेऊन झाला, त्यावर ते आठवडाभर बोलले नाहीत. गाईड सर म्हणाले, "तुझे हातच स्वच्छ नसतील."

विद्यापीठाची मुदत संपत आली होती. आकडे जुळले नाहीत तर रजिस्ट्रेशनच रद्द. घरी आई रोज विचारायची, "सुटशील का गं एकदाची यातून?" मी चिडून ताटावरून उठायचे.

*

एका शनिवारी एसटी सिन्नरलाच बंद पडली. बर्फ वितळायला लागला म्हणून चरफडत परत आले. लॅबचं दार उघडं होतं. आत आमचे गाईड सर, प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, बूट काढून निरोगी टाकीपुढे उभे. हातात स्टीलचा डबा. काहीतरी पुटपुटत एकेक गोळी पाण्यात सोडत होते.

"सर, हे काय?"

सर दचकले, पण लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कणीक, गूळ, काळे तीळ. लोखंडी कढईतच भिजवावी लागते. दर शनिवारी घालतो."

"पण का?"

"तुला साडेसाती आहे. पीएचडी अडकलीये ना तुझी."

"माझी रास तुम्हाला कुणी सांगितली?"

सरांनी झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. "हा घरी घेऊन जा."

झाकणावर माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं.