फिर्यादी विचारायचा, "सापडला का?"

ती घटना आठवली की आजही मला सगळ्यात आधी माझाच राग येतो. चोरीला गेली होती एक डिझेल पिकअप. नोकरीत वाहनचोऱ्या खूप पाहिल्या, त्यातल्या बहुतेक विसरलोही. या एका गुन्ह्याचे कागद मात्र निवृत्तीनंतरही डोक्यातून निघत नाहीत.

तेव्हा मी कर्जतच्या बाजूच्या एका ठाण्यात प्रभारी होतो. सोमवारी सकाळची हजेरी चालू असताना पासष्टीचे एक मुसलमान शेतकरी फिर्याद द्यायला आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांची लिंबाची बाग होती आणि माल ते स्वतःच्या पिकअपमधून बाजाराला न्यायचे. शुक्रवारी दुपारी ते नमाजला गेले असताना अंगणातून गाडी गेली. शुक्रवारची चोरी आणि सोमवारी फिर्याद, म्हणून मी उशिराचं कारण विचारलं.

"वाट पाह्यली, सायेब," एवढंच म्हणाले.

ठाणे अंमलदाराने 'इतरत्र शोध घेतला, परंतु मिळून आली नाही' हे नेहमीचं वाक्य लिहून टाकलं. असली तयार वाक्यं आम्हा पोलिसांना फार प्रिय.

पंचनाम्याला गेलो. काच फुटलेली नव्हती, अंगणात काचेचा चुरा नव्हता, ओढत नेल्याची खूण नव्हती. म्हणजे चोराकडे किल्ली होती. एक किल्ली चाचांच्या खिशात होती. दुसरी घरात नाही, एवढंच म्हणाले. गाडीची ओळखखूण एकच, पण ठळक होती. कंपनीचा काळा फिल्टरचा डबा काढून त्या जागी बाहेरचा चकचकीत पाईप आणि टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर बसवलेला होता. आमच्याकडे याला गाडीला 'नाक लावणं' म्हणतात. इंजिनला हवा मोकळी मिळते, गाडी चढाला दम खात नाही, असं हे नाक लावणारे छातीठोक सांगतात. खरं किती ते त्यांचं त्यांना ठाऊक. टर्बोची शीळ मात्र अर्ध्या गावाला ऐकू जाते. या वयात हा शौक कसा, असं मी चेष्टेत विचारलं. "मुलानं बसवलंय," म्हणाले. मुलगा कुठे असतो, हे मी विचारलं नाही. तपासाचा पहिला धडा मी तिथेच विसरलो.

त्यानंतर चाचा रोज सकाळच्या एस्टीने येत, बाहेरच्या बाकावर बसत आणि मी दिसलो की उभे राहत.

"सापडला का, सायेब?"

"तपास चालू आहे, चाचा."

पाईपच्या जोडाला लागणारा रबरी बेंड लवकर फाटतो आणि सगळीकडे मिळत नाही. म्हणून मी नगरच्या दोन-तीन स्पेअर पार्टवाल्यांना सांगून ठेवलं होतं. (कागदावर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं.) नवव्या दिवशी त्यातल्या एकाचा फोन आला. कोल्हारचा एक मेकॅनिक बेंड न्यायला आला होता आणि त्याने मोबाईलवर जो फोटो दाखवला, त्यातली गाडी आमचीच वाटत होती.

चाचा बाकावरच होते. आत बोलावून सांगितलं, "चाचा, गाडीचा माग लागलाय. कोल्हारला आहे."

"आन् त्यो?"

"तो कोण?"

विचारता विचारताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी गेलेला माणूस 'सापडली का' असं विचारतो. हे नऊ दिवस 'सापडला का' विचारत होते! घरात दखनी बोलणाऱ्या माणसाचं मराठी जरा घसरत असेल, असं मी गृहीत धरलं होतं. वास्तविक फिर्यादीत त्यांनी गाडीला प्रत्येक वेळी 'ती'च म्हटलं होतं. त्यांच्या मराठीत खोट नव्हती, माझ्या कानात होती.

दार लोटून घेतलं, चहा मागवला. फिर्यादीची चौकशी आरोपीपेक्षा सावकाश करावी लागते.

"दुसरी किल्ली कोणाकडे आहे, चाचा?"

"पोराकडं," ते म्हणाले. "त्योच आल्ता. मी मशिदीत हातपाय धूत, वजू करत हुतो, तवा शीळ ऐकली. दुसरा गेर टाकताना त्यो जरा रेंगाळतो. दुसरं कुनी तसं चालवत न्हाई. पन नमाज उभी राह्यली. बाहेर आलो तवर निस्ता फुफाटा."

"मग फिर्यादीत त्याचं नाव का नाही सांगितलंत?"

"नाव सांगाया दोन सालामागं आल्तो की. हितंच."

मी मिसिंगचं रजिस्टर मागवलं. नोंद होती. मुलगा, वय सत्तावीस, रागाने घर सोडून गेला. काष्टीच्या बैलबाजारात त्याने गाडी रेटून शीळ घातली, बैल बुजले, दावी तुटली, आणि चाचांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. तो तिथूनच गेला. नोंदीखाली सही माझी होती. 'सज्ञान आहे, राग उतरला की येईल,' असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं होतं. नंतर त्या पानाकडे कोणी पाहिलं नव्हतं.

"मानसाला न्हाई हुडकत, तर गाडीला तरी हुडकत्याल म्हनलं," चाचा खाली बघून म्हणाले.

"पण तो स्वतःहून आला होता. पुन्हा आला असता. एवढी घाई कशासाठी?"

"त्याची अम्मी गेली, सायेब. चार म्हैनं झालं. त्याला ठावं न्हाई."

चाचांना जीपमध्ये घेऊन तसाच कोल्हारला निघालो. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "तुमी सांगताल का त्याला?" मी हो म्हणालो. पण असं सांगण्याचा दम माझ्यात नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

गॅरेज हमरस्त्यालाच होतं. घर सोडल्यापासून चाचांचा मुलगा तिथेच मेकॅनिक होता, हे पुढे कळलं. मुलगा बॉनेटखाली वाकला होता. आधी त्याने माझी वर्दी पाहिली, मग माझ्यामागे उभे असलेले वडील पाहिले, आणि हात पुसत उभा राहिला.

"गाडी कोणाची?" मी रीतसर विचारलं.

"अब्बांची. चोरली न्हाई, सायेब. घरी गेल्तो, तर कुलूप. अम्मी तिच्या बहिनीकडं, खालाकडं गेली आसंल म्हनलं. बॉनेट उघडून बघितलं. मला वाटत हुतं, अब्बांनी पाईप कवाच उपटून फेकला आसंल. तर जोडाला सायकलची ट्यूब आवळून बांधल्याली, फिल्टर धुवून सोच्छ!" त्याने पाईपच्या आत बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला बारीक धूळ होती. "जोडातनं धूळ आत जात हुती. टर्बो गेला आसता. नीट बसवून द्यावं, आन् मंग तोंड दाखवावं, आसं ठरवलं."

एवढं बोलून तो पहिल्यांदाच हसला. "आन् फिल्टरला खोबरेल लावलंय, सायेब! त्याचं तेल निराळं आसतं. वासावरनंच वळखलं, अम्मीचं काम हाय."

मी चाचांकडे पाहिलं. सांगायचं मी कबूल केलं होतं. मी बोललो नाही.

"तेल मीच लावलं," चाचा म्हणाले. "बाटली तिची हुती."

मुलगा त्या 'हुती'वर अडकला.

"हुती म्हंजी?"

चाचांनी त्याचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आतून आलेला आवाज मला इथे लिहायचा नाही.

गाडी सुपुर्दनाम्यावर चाचांना मिळाली. दोघं त्याच गाडीतून आधी कब्रस्तानात गेले, मग घरी. मी गैरसमजुतीतून गुन्हा दाखल झाला असं नमूद करून तपास बंद करणारी 'क' समरी कोर्टाला पाठवली. खोट्या फिर्यादीची 'ब' समरी का नाही, असं वरिष्ठांनी विचारलं. फिर्यादी खोटं बोलला नाही, असं उत्तर दिलं आणि त्यावर ठाम राहिलो.

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे दर सोमवारी मिसिंगचं रजिस्टर स्वतः उघडून घरोघर फोन लावत गेलो. काही माणसं सापडली, काही नाही. चाचांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी लावावा, असं मला फार वाटायचं. आता ते हयात नाहीत, तरी अजून वाटतं. मी ती नोंद केली, त्यानंतर मुलाची आई वीस महिने जिवंत होती. आमच्या ठाण्यापासून कोल्हार जीपने तीन तासांवर आहे.