विचारून जायची वाट

कायद्याच्या पहिल्या वर्षाला जमिनीचे कायदे शिकवणारे सर पुस्तक न उघडता धडाधड सांगत सुटायचे आणि आम्ही मान खाली घालून खरडायचो. एक कायदा, त्याची दुरुस्ती, त्या दुरुस्तीला अपवाद, वर अपवादाला अट. शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नाशिकहून सिटी बसने घरी येताना खिडकीतून शेतं दिसायची आणि वाटायचं, एवढ्याशा मातीवर एवढी कलमं कुणी लादली असतील?

एक तास मात्र कळला. दुसऱ्याच्या जमिनीतून कुणी वीस वर्षं उघडपणे, हक्काने, बिनतक्रार जात असेल, तर त्या वाटेवर त्याचा हक्क बसतो. मी ताठ बसले. आमचं झेंडूचं शेत चुलत्यांच्या शेतामागे होतं आणि आमची वाट माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांच्या बांधावरून. चुलत्यांकडे तेव्हा प्लॉट पाडणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. ती वाट गेली तर टेम्पो शेतापर्यंत येणार नव्हता, सगळी फुलं पाटाच्या कडेने डोक्यावरून वाहावी लागणार होती.

मग सर पुढचं वाक्य बोलले. परवानगी घेऊन गेलात तर हक्क नाही, कितीही वर्षं जा.

माझं पेनच थांबलं. कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी दसऱ्याच्या तोडणीची पहिली पाटी चुलत्यांच्या दारात नेऊन ठेवायचे आणि विचारायचे, "भाऊ, यंदाबी जाऊ ना बांधावरून?" भाऊ म्हणायचे, "विचारतो काय येड्या, जा की." मग चहा व्हायचा.

घरी येताच मी सांगितलं, "दादा, यंदा विचारायचं नाही."

"का बरं?"

"विचारलं की हक्क बसत नाही."

"न विचारता जायला आपण काय चोर हाय का?"

मी परोपरीने समजावलं. जो विचारतो त्याला काही मिळत नाही आणि जो खुशाल घुसतो त्याची वाट होते, हे सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या सरांना शेत हाय का?" त्या वर्षी ते भाऊंकडे नेहमीपेक्षा लवकरच जाऊन आले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढे भाऊंनी जमीन विकली. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. आमचा अर्ज तहसील कचेरीत गेला. सुनावणीला जाताना मी दादांना बजावलं, "खोटं बोलू नका, पण विचारतील तेवढंच सांगा."

साहेबांनी विचारलं, "वीस वर्षं जाताय या वाटेनं?"

"त्याच्याहून लय जास्त, साहेब."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दादांनी टोपी नीट केली आणि कुणी विचारलेलं नसताना मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आन् एकदाबी न विचारता गेलो नाय."

समोरच्या वकिलाने ते लगेच लिहून घ्यायला सांगितलं. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. संताप दादांचा येत होता की कायद्याचा, तेही कळेना. वाट गेली ती गेलीच.

पुढच्या दसऱ्याला आम्ही पाटाच्या कडेने फुलं बाहेर काढली. तिथे थोडा तुकडा दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या बांधावरून जातो. पहिली पाटी उचलून दादा आधी त्याच्या घरी निघाले. मी मागून ओरडले, "दादा, निदान इथं तरी विचारू नका!" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जाऊ ना हिकडून?" दारातून त्यांचा आवाज आला.

"अहो दादा, विचारताय काय? तुमचीच वाट हाय."

दादा हसत परत आले. मी डोक्यावर पाटी घेऊन चालू लागले. आमची वीस वर्षं आजही सुरू झाली नव्हती.