खवलेवाली मावशी

अक्षर वाकडे आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीच शिकले आहे, माफ करावे. बोलताना मला लाज वाटते, म्हणून लिहिते.

खवलेवाली मावशी माशाचा वाळलेला खवला दाताखाली धरायची. कट्ट वाजला तर माल तयार, वाकला तर परत उन्हात. आम्हाला किळस यायची. ती म्हणायची, "तुमाले घान वाटते, तिकडच्या बाया हेच तोंडाले लावतात." शेलूबाजारचे मासेवाले फेकतात ते खवले ती आणायची, धुऊन वाळवायची. व्यापारी ते जहाजाने परदेशी पाठवायचा. तिकडे त्याची औषधे, मलमे होतात.

जीपमध्ये तिच्याजवळ कोणी बसत नसे. ड्रायव्हर म्हणायचा, "मावशी, टपावर बसा ना."

"अर्ध भाडं घेशीन का?"

तिच्या भरवशावर आमच्या बचत गटाने या मालात पैसे घातले. त्यात माझ्या लेकीच्या बाळंतपणाचे पैसे होते.

त्याच सुमारास मावशीच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. घराला वास नको म्हणून सुनेने अंगणातला माल कपड्याच्या पावडरीत धुतला, वाळवून पोत्यांत भरला आणि गप्प राहिली. व्यापाऱ्याची गाडी दारात आली तेव्हा मावशीने एक खवला दाताखाली धरला आणि थुंकली. साबण!

"वरून चांगला टाका, मधात कोन पाह्यते?" एक बाई कुजबुजली. व्यापाऱ्याचा माणूस खाली उतरत होता. मीही मनात म्हणत होते, टाका.

मावशी पुढे झाली. "साहेब, या पोत्याईत साबन हाय. लोकायच्या औषधात जाते हे. नेऊ नका."

आधीच भरलेली, न धुतलेली दोनच पोती घेऊन गाडी गेली. सुनेने धुतल्याचे कबूल केले, तशा बाया तिच्यावर तुटून पडल्या. मावशी दारात आडवी उभी राहिली. "तिले काहून बोलता? माह्या पोरीसाठीच धुतलं तिनं. पैसे माह्या अंगावर."

त्यानंतर ती पहाटेच बाजाराला निघायची. माझे पैसे तिने सगळ्यांत आधी दिले. "बायतपन थांबत नाही, माय," म्हणाली. एकेकीचे फेडता फेडता छातीच्या दुखण्याने ती गेली. दोघींचे राहिले होते. पुण्यानुमोदनाला त्या दोघी आल्या, पण कोणी विषय काढला नाही. मला मात्र वाटले, बुडाले.

दुसऱ्याच आठवड्यात सुनेने अंगणात खवले पसरले.

परवा ती गटाच्या बैठकीला आली. एकीचे आधीच दिले होते. दुसरीच्या हातात नोटा ठेवून म्हणाली, "मोजून घ्या, काकू."

काकूंनी बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या. "फिटले वं, बाई," त्या म्हणाल्या. सून तिथेच मटकन खाली बसली.