वाचकांनी पाठवलेले सुके बांगडे

कुरिअरवाल्याचा फोन सासऱ्यांना आला. पार्सल माझं होतं, पण पत्ता देताना मीच त्यांचं नाव आणि त्यांचा नंबर दिला होता. आमच्या गावात सुनेच्या नावाने कुणी घर शोधत नाही. माझं नाव विचारत कुणी आलं तर शेजारणीलासुद्धा जरा आठवावं लागेल. मोठ्या माणसाचं नाव टाकलं की वस्तू नीट पोचते, एवढाच माझा विचार होता.

मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. सासरे आधी म्हणाले, आम्ही काही बोलावलं नाही. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, येतो, तोपर्यंत तुझ्या दुकानाच्या बाहेर ठेव. टोपी घातली, गाडी काढली आणि बाजाराच्या गावी, फुलसावंगीला गेले. मला वाटलं पुस्तक असेल, नाहीतर साडी. आतून थोडा आनंदही झाला. मला कुणी काही पाठवावं, अशी मी कोण आहे?

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. नववीत शाळा सुटली. त्यानंतर आईबरोबर बंदरावर मासळी निवडायला बसायचे. नवरा तिकडे रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला आला होता. लग्न झालं आणि मी समुद्रापासून उठून कापसात आले. आता तो कामासाठी बाहेरगावी असतो, मी सासू-सासऱ्यांजवळ. घर महानुभाव पंथाचं. भेटलं की दंडवत म्हणतात, मांस-मासळीचं नाव घरात कुणी काढत नाही. हे मला लग्नाआधी सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही.

दुपारी काम आटोपलं की मी फोनवर लिहायचे. शाळेत निबंधाला कधी चांगले मार्क मिळाले नाहीत, म्हणून भीत भीतच सुरू केलं. आज काय रांधलं, गाय लंगडायला लागली, सासूबाईंचा गुडघा सुजला, असलंच सगळं. लोक वाचायला लागले. मग ओळखीचे झाले. एखाद्या दिवशी लिहिलं नाही तर बरी आहेस ना म्हणून विचारायचे. देवगडकडची एक बाई तर रोज लिहायची, अगदी दोन ओळी का होईना. तिनेच पत्ता मागितला. मी लगेच दिला. इतक्या मायेने मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे मला अजून जमत नाही.

त्याच्या काही दिवस आधी मी लिहिलं होतं की, वरण घोटताना आईची आठवण आली. आई चुलीच्या निखाऱ्यावर सुका बांगडा भाजायची, आणि कितीही हात धुतले तरी बोटांना तो वास राहायचा. आता माझ्या बोटांना तो वास येत नाही, असं शेवटी लिहिलं होतं. लिहून झाल्यावर मी पुन्हा पुन्हा वाचलं. छान वाटलं मला.

सासरे परत आले ते एका हाताने गाडी चालवत. दुसरा हात बाजूला लांब धरलेला, त्यात पिशवी. बाजाराचा दिवस होता, म्हणजे फुलसावंगीच्या अख्ख्या बाजारातून ते असेच आले होते. वास त्यांच्या आधी अंगणात आला. मी ओळखला. क्षणभर, खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच क्षणी जमीन फाटून आत जावं असं झालं.

त्यांनी पिशवी घराबाहेरच्या निंबाच्या फांदीला उंच टांगली. हातपंपावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्यं सामान हाय बाई. मांजरीपासून पाह्यजो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडून मोकळी झाले असते.

सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या. कुणी पाठवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाचकांनी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "ते कोण लागते तुह्यं?"

मामा नाही, मावशी नाही, गावची नाही, जातीची नाही. मी म्हटलं, मी फोनवर लिहिते, ते वाचतात. सासूबाई ओट्यावर बसल्या, सासरेही बसले. मला वाचून दाखवायला सांगितलं. एवढे महिने मी त्यांच्या समोर बसून त्यांच्याच घराबद्दल लिहीत होते आणि त्यांना वाटायचं मी फोनवर गाणी बघते.

मी वाचलं. गायीचं वाचलं तेव्हा सासरे हसले. गुडघ्याचं वाचलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हे कायले सांगतलं लोकायले. मग बांगड्याचं आलं, तेही वाचलं. खाली लोकांनी काय लिहिलं, ते सासूबाईंनी विचारलं. मी निवडून निवडून वाचू लागले, गोड गोड तेवढंच. पण मासळी निवडणाऱ्या बाईचा हात अडखळला की शेजारणीला लगेच कळतं, तसं त्यांना कळलं.

"थांबली काहून? वाच ना."

मी वाचलं. बिचारी. त्या घरात कशी दिवस काढत असेल पोर. सासरच्यांना एवढंही कळू नये का. आणि देवगडच्या बाईचं, त्याच दुपारी आलेलं, की रडू नको, बांगडे पाठवलेत, लपवून खा.

सासूबाई माझ्याकडे नाही, त्या फोनकडे बघत होत्या.

"आमच्या घरी तू उपाशी राह्यते, असं वाटलं लोकायले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी असं कुठे लिहिलं नव्हतं. पण ती वाक्यं मी रोज वाचत होते, आणि एकदाही कुणाला म्हटलं नव्हतं की बाबांनो, तसं नाही. मला बिचारी म्हटलेलं आवडत होतं. माहेरी इतकी माणसं होती, पण बिचारी म्हणायला कुणाला वेळ नव्हता.

त्या दिवसापासून जेवताना सासूबाई माझ्या ताटावर नजर ठेवू लागल्या. तुरीच्या सोल्यांच्या भाजीवर तेलाची धार जास्त, भाकरी मागायच्या आधी दुसरी. रोज विचारायच्या, "पोट भरलं काय वं?" रागाने विचारत असत्या तर घास उतरला असता.

त्यात मी आणखी एक केलं. देवगडच्या बाईला काय कळवायचं? सत्तरीच्या आसपासचं माणूस, स्वतःच्या गच्चीवर सुकवून पाठवलेलं. मी लिहिलं, पोचलं, खूप आनंद झाला, आभारी आहे. सगळ्यांनी ते वाचलं. मग रत्नागिरीहून कुणी सुकवलेल्या कोलंबीचे सोडे पाठवले, मुंबईहून कुणी बोंबील. पत्ता त्यांना कुठून मिळाला विचारू नका. देवगडच्या बाईने प्रेमाने वाटला असणार. कुरिअरवाला पुडकी दुकानाबाहेरच्या खिळ्याला टांगून सासऱ्यांना फोन करायचा, आणि ते जायचे. मला जाऊ देत नव्हते. म्हणायचे, तू नको, लोकं तुले हासतीन.

हसत होते ते त्यांना. पानठेल्यावर कुणी म्हणालं, मामा, समुद्र थेट तुमच्या घरापर्यंत आला म्हंते. हे त्यांनीच घरी येऊन हसत सांगितलं. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती सासूबाईंकडून कळली. पंथातले एक म्हातारे, ज्यांच्यासोबत सासरे दर वर्षी देवदर्शनाला जायचे, रस्त्यात समोरून आले आणि दंडवत न करता पुढे गेले.

मी म्हटलं, मी लिहिणं बंद करते. सासरे म्हणाले, "कायले? तू का चोरी केली?" आणि बैलांना पाणी पाजायला गेले. मला लिहायचं होतं की पार्सल पाठवू नका. रोज दुपारी फोन घ्यायचे, चार ओळी लिहायचे, पुसायचे. इतक्या प्रेमाने पाठवणाऱ्यांना काय वाटेल, ही काळजी. ज्यांच्या घरात राहते त्यांना काय वाटतंय ते समोर दिसत होतं, तरी काळजी लांबच्यांची.

निंबाला टांगलेल्या पिशव्यांचा निकाल सासूबाईंनी लावला. सडकेवर गॅरेज आहे, त्या मिस्त्रीच्या घरी आमचं दूध जातं, आणि त्यांच्याकडे मांस-मासळी चालते. सासूबाई एका सकाळी स्वतः जाऊन मिस्त्रीच्या बायकोशी बोलून आल्या. मला म्हणाल्या, तिच्याकडे घेऊन जा, तिथंच रांध, तिथंच खा.

मिस्त्रीच्या बायकोने सुका बांगडा जन्मात पाहिला नव्हता. तो हातात धरून उलटापालटा केला आणि म्हणाली, "भाभी, ये मछली है का सूखी लकडी?" मी निखारे मागितले. भाजला, कांदा चिरला, वर लिंबू पिळलं. तिच्या पोरांनी एक एक तुकडा चाखून ताटात परत ठेवला. मी मात्र खात राहिले. इतकं भराभर खाल्लं की मान वर केली तेव्हा ती बाई जेवण थांबवून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत तेच होतं, बिचारी. पहिल्यांदाच ते मला समोरासमोर दिसलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

घरी आले तर अंगणातल्या चुलीवर पाणी तापत होतं. न्हाणीच्या बांबूच्या तट्ट्यावर माझी धुतलेली साडी टाकलेली. घरात यायच्या आधी अंघोळ करायची, हे मला सांगावं लागू नये म्हणून सासूबाईंनी सगळं बाहेरच मांडून ठेवलं होतं. मी डोक्यावरून पाणी घेतलं. बोटं हुंगली. वास होता.

केस पुसत बसले तेव्हा त्या शेजारी आल्या. मला वाटलं आता पोट भरलं का विचारतील. त्यांनी विचारलं, "ज्या बाईनं पयले धाडलं, तिच्या घरी कोण कोण हाय?"

मला माहीत नव्हतं.

लेकरं आहेत का, नवरा आहे का, एवढ्या वयात गच्चीवर चढून मासे कोण सुकवून देतं, काहीच माहीत नव्हतं. तिला आमच्या गायीचा कोणता पाय दुखतो ते ठाऊक होतं. सासूबाईंच्या गुडघ्याला कुठलं तेल लावावं ते तिनेच सांगितलं होतं. मी तिला कधी एक प्रश्न विचारला नव्हता. आभारी आहे, आभारी आहे, एवढंच लिहीत आले.

"इतलं धाडते बाई, अन् तू तिले काहीच नाही इचारलं?" सासूबाई म्हणाल्या. उपाशी असल्याच्या गोष्टीपेक्षाही त्यांना हे जास्त लागलं, असं वाटलं मला.

तिथंच बसून मी तिला लिहिलं. हे घर मासळी खात नाही, ते मला आधीपासून ठाऊक होतं. इथं मला कुणी उपाशी ठेवत नाही, उलट दुसरी भाकरी न मागता मिळते. पार्सलं सासऱ्यांना उचलावी लागतात, म्हणून पाठवू नका, बाकीच्यांनाही सांगा. आणि तुमच्या घरी कोण कोण आहे?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, नेहमीपेक्षा मोठं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगे मुंबईत, त्यांच्या घरात वास चालत नाही. सवय आहे म्हणून अजून सुकवते, खाणारं कुणी नाही. तू लिहिलंस तेव्हा वाटलं, खाणारं माणूस सापडलं. शेवटी आमच्या बोलीत होतं, "चेडवा, माका ठावक नाय होता. सासूक सांग, माझी चूक झाली."

मी सासूबाईंना वाचून दाखवलं, चेडवा म्हणजे पोरगी तेही सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"चूक कायची त्यात. तिले म्हणा, ये इकडं चार दिस. एकटी कायले राह्यते. बांगडे सोडून ये म्हणा."

मी तसंच लिहिलं. बांगडे सोडून, हे ठेवावं की गाळावं, यावर बराच वेळ फोन हातात धरून बसले. पाठवण्याआधी मी काय लिहिलं ते सासूबाईंनी मोठ्याने वाचायला लावलं, म्हणून ठेवलं.