रशीदमामांचं लॅटिन

रशीदमामा प्रेत कापायचे आणि कापता कापता लॅटिन शिकवायचे. दौंडकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात ते शवविच्छेदनाचे मदतनीस. शिक्षण सातवी नापास. एका डॉक्टरांनी निवृत्त होताना दिलेला, शब्दांची लॅटिन मुळं सांगणारा जाडजूड शब्दकोश त्यांनी वाचून वाचून खिळखिळा केला होता. मी रिपोर्ट टाईप करणारी, इंग्रजी घेऊन बी.ए. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घराण्यातली पहिली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, ॲक्सिडेंट म्हंजी काय?"

"अपघात."

"ते कुणीबी सांगंल. मूळ सांग. लॅटिनमधी कादेरे म्हंजी पडणं. त्यातनं ॲक्सिडेंट, आपसूक येऊन पडलेलं. आन् काएदेरे म्हंजी हाणणं, कापणं. त्यातनं होमिसाईड, माणूस मारणं. वरनं दोन्ही मढी सारखीच. म्हणून आत बघायचं."

ग्रॅज्युएट असून मला हे ठाऊक नव्हतं. राग आला.

आमच्याकडे रीत अशी: डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात, मामा आत कापून सांगणार, मी बाहेर टाईप करणार. एका दुपारी पाटसकडची बावीस वर्षांची सून आणली. विहिरीत पडली म्हणे. सासरची चौघं बाहेर उभीच. डॉक्टर म्हणाले, "ॲक्सिडेंटल ड्राउनिंग लिहा." मी लिहिलं. अजून सुरीसुद्धा लागली नव्हती.

थोड्या वेळाने आतून मामा म्हणाले, "सायेब, आत या. गळ्यावर बोटांचे वळ हायेत. आतलं हाड मोडलंय."

"रशीद, शिवून टाक."

"तुमी बघितल्याबिगर टाका घालणार न्हाई."

सासरा आत घुसला. "मढी फाडणारा तू, डॉक्टर झाला व्हय रं?" त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड मामांच्या डोक्यात घातला; त्यांचा डावा डोळा सुजून मिटला. दिराने लाथा घातल्या. मामांनी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं, पोरीला कुणी उचलू नये म्हणून. तोंडातून रक्त गळत होतं तरी म्हणाले, "हाणा. ह्यालाच काएदेरे म्हणत्यात."

मी उठले आणि डॉक्टरांचा दंड धरून त्यांना आत ढकललं. आरडाओरडा ऐकून प्रेतासोबत आलेला हवालदार धावला, त्याने त्या दोघांना ओढून काढलं. डॉक्टर पहिल्यांदाच टेबलावर वाकले. गळ्यावरचे वळ बोटाने चाचपले. मग म्हणाले, "लिहा, गळा दाबून मृत्यू." मी माझी आधीची ओळ पुसली.

सिस्टर पट्टी बांधायला आली, तिला मामांनी थांबवलं. सुईत दोरा ओवला. "बारीक टाके घालतो. हिच्या आईला बघायचंय."

शेवटचा टाका घालून ते फरशीवर बसले. त्यांचा डावा डोळा पुन्हा उघडला नाही.