भाषणानंतरचा सोमवार

आठ मार्च, सकाळी साडेअकरा. मांडव, माईक आणि चहा-भजी मिळून खर्च तीन हजार दोनशे, तो ग्रामपंचायतीनं केला. हजर होत्या गावातल्या साठेक बाया, शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक, माझी सासू, थोरली मेहुणी, मेहुणा आणि मी. अध्यक्ष सरपंचबाई, म्हणजे मेहुण्याची बायको. बोलणार होती माझी बायको.

गाव चारठाण्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. बायकोचं ते माहेर. आम्ही परभणीला राहतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मी एका कार्यालयात हिशेब बघतो. तिला बोलवायची कल्पना मेहुण्याचीच. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हापासून कारभार तोच बघतो. महिला दिनाला तालुक्याहून एक मॅडम येणार होत्या, त्यांनी दोन दिवस आधी जमत नाही म्हणून कळवलं. मेहुण्यानं लगेच फोन केला, "ताई, तूच ये. गावची लेक म्हनून बोल. हक्काबिक्काचं जरा जोरात होऊ दे."

त्याच फोनवर त्यानं दुसरी गोष्टही सांगितली. येत्या सोमवारी जिंतूरला सहीचं काम ठेवलंय, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन यायचं.

सहीचं काम म्हणजे हक्कसोडपत्र. सासरे आदल्या वर्षी गेले. त्यांनी स्वतः घेतलेली बारा एकर जमीन मागं राहिली. वारस चार: सासू, थोरली मेहुणी, माझी बायको आणि मेहुणा. वाटा प्रत्येकी तीन एकर. आमच्याकडं रीत अशी की बाप गेला की वर्षाच्या आत बहिणींनी नोंदणी कार्यालयात जाऊन आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा. भाऊ त्या दिवशी साडी-चोळी करतो, हॉटेलात जेवू घालतो, एसटीत बसवून देतो. बहिणीला विचारत नाहीत, तारीख कळवतात. बायको फोनवर 'हो'ही म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. त्याचा अर्थ त्यानं हो असाच घेतला. खरं सांगायचं तर मीही तोच घेतला.

भाषण पंचवीस मिनिटं चाललं असेल. सुरुवातीला मुलींच्या शाळेचं बोलली. मागच्या बाया आपसात बोलत होत्या. मग तिनं विचारलं, "जिंतूरला जाऊन सही करून आलेल्यांनी हात वर करा बरं."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एका म्हातारीनं हात वर केला, मग दुसरीनं, मग बरेच.

"काय मिळालं?"

"साडी!" चार-पाच जणी एकदम ओरडल्या.

"माझ्या साडीचा तर पयल्याच धुन्यात रंग गेला, बाई," म्हातारी म्हणाली. मांडवात हशा पिकला.

"तुला साडी तरी भेटली. मला भावानं नुसत्या पुरीभाजीवर वाटं लावलं."

"पुरी किती होत्या पन?"

हसणं थांबेपर्यंत बायको थांबली. मग म्हणाली, "हसा. मीपण हसायले. भाऊ वाईट नसतात, माझाबी न्हाई. साडी आवडीनं द्यावी, जमिनीच्या बदली देऊ नये, एवढंच माझं म्हननं हाय. सही न्हाई केली तर माहेर तुटतं म्हनतात. एका सहीवर टिकलेलं माहेर किती दिवस टिकंल, तुमीच सांगा."

हसणं बंद झालं होतं. मग टाळ्या झाल्या, आणि त्या बराच वेळ चालल्या. मी मेहुण्याकडं बघितलं. तोही टाळ्या वाजवत होता. त्यानं सगळं भाषण मोबाइलवर घेतलं होतं, ते तिथंच बसून गावाच्या ग्रुपवर टाकलं.

नंतर त्याच्या घरी जेवायला बसलो. तो खुशीत होता. "ताई, मैदान मारलंस! ग्रामसेवक म्हनला, तालुक्याला असं भाषन झालं न्हाई." मग वरण वाढता वाढता म्हणाला, "मग सोमवारी अकराला ये. उशीर करू नको, टोकन हाय."

"कशाला?"

"सहीला की."

"आत्ता मी काय बोलले?"

"अगं, ते भाषन हाय," तो हसून म्हणाला. "भाषन ते भाषन. सहीचं काय त्यात?"

ती हसली नाही. तेव्हा त्याला कळलं. वरणाचं भांडं हातात धरून तो तसाच उभा राहिला. सासू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जेवा आधी. गार व्हायलंय."

सोमवारी आम्ही जिंतूरला गेलो. बायको म्हणाली, फोनवर नाही म्हणायचं नाही, तोंडावर सांगायचं. कार्यालयाच्या ओट्यावर मेहुणा, थोरली मेहुणी आणि सासू बसले होते. सासूच्या मांडीवर दोन साड्यांची पिशवी होती. थोरली विधवा आहे, तिच्या पोरीचं लग्न भावाच्या भरवशावर ठरलेलं. तिनं सही केली. अंगठ्याचा ठसा देताना बहिणीकडं बघितलं नाही. सासूनंही आपला हिस्सा सोडला.

"भाऊ, माझे तीन एकर तूच कस," बायको म्हणाली. "ठोक्याचे पैसे नको, दाना नको. सातबाऱ्यावर नाव तेवढं राहू दे."

"नाव ठिवून काय करनार हाय?"

"बाबांच्या खाली राहीन."

"लोक मला काय म्हनतील? भाषन मीच लावलं, आन् माझ्याच घरात हे." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, तुमी शिकवलं का हे?"

मी नाही म्हणालो. ते खरं होतं, पण त्याला पटलं नाही.

"मग ऱ्हाऊ दे नाव," तो म्हणाला. "दार मातर बंद."

सासूच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आणि वरखर्चासाठी बायको दर महिन्याला हजार रुपये मेहुण्याच्या फोनवर पाठवायची. एप्रिलला पाठवले, ते अर्ध्या तासात परत आले. मे महिन्यातही तेच झालं. सोबत एक शब्द नाही. सासूकडं स्वतःचा फोन नव्हता. सुनेच्या फोनवर लावला की उचलायचे नाहीत. जूनमध्ये बायको एकटी जाऊन आली. दाराला आतून कडी होती. शेजारीण म्हणाली, हायेत घरात. तासभर ओट्यावर बसून ती परत आली. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट बसली: दार भावानं लावलं हे समजू शकतं, पण माय आतच होती, तिनं हाक का मारली नाही? तिनं मला फार वेळा विचारलं नाही, पण जेवताना हात थांबला की मला कळायचं.

भाषणाचं पुढं काय झालं तेही लिहायला हवं. त्या गावात नंतर निदान तीन घरच्या बहिणी जिंतूरला गेल्या, तिन्हीकडं सह्या झाल्या. एकीनं थोडी टंगळमंगळ केली तर भाऊ म्हणाला म्हणे, "काहून, तुलाबी भाषन करायचंय का?" आता गावात ती म्हणच झाली आहे. ते रेकॉर्डिंग मेहुण्यानं ग्रुपवरून काढून टाकलं. ज्यांच्या मोबाइलवर आधीच उतरलं असेल त्यांच्याकडं असेल.

सासू श्रावणात गेली. थोरलीचा फोन आला. आम्ही पोचेपर्यंत मेहुण्यानं मयत थांबवली होती. तेवढं त्यानं केलं, हे सांगितलं पाहिजे. पण तो बोलला नाही. अंगणात बाया होत्या, मांडवात टाळ्या वाजवणाऱ्याच. बायको जिथं बसली तिथून त्या जरा सरकल्या. साडीचा रंग गेलेली म्हातारी तेवढी जवळ आली, तिच्या पाठीवर हात ठेवून निघून गेली.

तेराव्याला मी पाकिटात पाच हजार घालून मेहुण्याकडं गेलो, खर्चात आमचा भाग म्हणून. त्यानं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या दाजी. आमचं आमी करतोव." बायकोनं तेच पाकीट थोरलीला द्यायला बघितलं. ती घाबरून म्हणाली, "नको बाई, भावाला कळंल." थोरलीला त्या दिवशी दुखवट्याची साडी मिळाली. बायकोला मिळाली नाही.

गावातून निघताना फाट्यावरच्या मेडिकलवाल्यानं हात केला. आम्ही थांबलो.

"बाई, म्हातारीच्या गोळ्यांचे थोडे ऱ्हायलेत."

"भाऊ देत नव्हता का?" बायकोनं विचारलं.

"तो पैसे घेऊन यायचा की, दर महिन्याला. म्हातारीच त्याला भरू द्यायची न्हाई. काठी टेकत सोता यायची. म्हनायची, पोराचे पैसे नको, माझ्या गोळ्या धाकल्या पोरीकडं लागू हायेत. तिच्या नावावर ठिव, ती येती."

मी पैसे काढायला लागलो, तर बायकोनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या पर्समधून मोजले. आठशे साठ रुपये, मेडिकलवाल्याला.